पाठीवरचं नाव

जून लागला की मनुरेवातल्या आमच्या गॅरेजला एक वास येऊ लागतो. ओल्या बुटांचा, दमट पुठ्ठ्याचा आणि गुडघ्याला चोळायच्या मलमाचा. मलम संपून सहा वर्षं झाली, बूट मी केव्हाच कुणाला तरी देऊन टाकले, तरी तो येतो. मेघना, माझी बायको, म्हणते ओल आहे, हवा कोरडी करायचं यंत्र लाव. मी लावतो. यंत्राचं भांडं दोन दिवसांत पाण्याने भरतं आणि वास जिथल्या तिथे राहतो. इमारतींची गणितं करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. भिंतीत ओल कुठून झिरपते ते शोधायला लोक मला बोलावतात. हा वास मात्र मी शोधत नाही, कारण तो कुठून येतो ते मला ठाऊक आहे. वरच्या फळीवर, ख्रिसमसच्या दिव्यांच्या मागे, एक खोकं ठेवलेलं आहे.

इथे दक्षिण गोलार्धात हिवाळा जूनमध्ये येतो आणि थंडीपेक्षा अंधाराने जास्त छळतो. पाच वाजले की दिवे लावायचे. पाऊस धड कोसळत नाही आणि धड थांबतही नाही, नुसता रेंगाळतो. लाकडी घरं आतून इतकी गार की पुण्याहून आलो त्या पहिल्या वर्षी मी कानटोपी घालून जेवायचो. फोनवर आई आंब्याचा रस काढत असायची आणि मी इकडे पायावर पांघरूण घेऊन बसलेला. अशा ऋतूला कुणी जीव लावेल असं वाटत नाही. पण एक हिवाळा असा होता की सोमवारपासून मी शनिवारची वाट बघायचो.

यंदा तो हिवाळा एका तामिळ सिनेमाने उकरून काढला. आमच्या कबड्डी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून जिवंत आहे. कबड्डी कुणी खेळत नाही, पण सकाळची फुलं आणि वाढदिवसाचे केक न चुकता येतात. त्यावर कुणीतरी टाकलं, 'मस्ट वॉच, रडवलं राव.' म्हणून एका रविवारी दुपारी मी आणि माझी मुलगी इरा बघायला गेलो. इरा पंधरा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं.

सिनेमा व्हॉलीबॉलचा होता. दोन माडांना बांधलेली जाळी, लाल माती, आणि गावाबाहेरच्या वस्तीतला एक पोरगा, जो उडी मारतो तेव्हा क्षणभर हवेत थांबल्यासारखा वाटतो. मैदान गावातल्या मोठ्या लोकांच्या गल्लीत. तिथे त्याने खेळायचं नाही. पण चेंडू गटारात गेला की तो काढायला त्यालाच हाक मारायची. पुढे जे व्हायचं ते होतं. मारहाण होते, बापाचा अपमान होतो, एक मास्तर पाठीशी उभा राहतो, आणि शेवटी भरल्या स्टेडियममध्ये पाठीवर देशाचं नाव घेऊन तो उडी मारतो. थिएटरात टाळ्या वाजल्या. माझ्या पुढच्याच रांगेत विनूकाका बसले होते, आमच्या मंडळाचे कोच. ते चष्मा काढून डोळे पुसत होते. रडलो तर मीही. परक्या भाषेतल्या माणसासाठी रडणं फार सोपं असतं. खाली अक्षरं वाचत जायचं आणि रडायचं.

बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी सगळे भेटले. विनूकाका नाक ओढत म्हणाले, "काय रे अवि, अजून असं चालतं तिकडे?"

"साउथला फार आहे म्हणतात," कुणीतरी म्हणालं.

"आपल्याकडे एवढं नव्हतं. आणि इथे तर प्रश्नच नाही. इथे कोण कुणाचं आडनाव विचारतं?" काका म्हणाले.

ह्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझी मान अशा वेळी मला न विचारताच डोलते.

गाडीत बसल्यावर इरा बराच वेळ काचेवरचं पाणी बघत होती. मग म्हणाली, "बाबा, दॅट वॉज सो सॅड. बट इट्स लाइक, ओव्हर देअर, राइट? नॉट हिअर."

"हो. तिकडे."

मनुरेवाचा सिग्नल लागला तेव्हा तिने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड टु प्रवीणकाका? ही वॉज, लाइक, द बेस्ट वन."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न वाजवला. इथे हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी दिल्यासारखंच. मी गाडी पुढे घेतली आणि तिला म्हणालो, तो टौरंगाला गेला, नोकरी बदलली. हे खोटं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आम्हाला एका शाळेचा हॉल शनिवारी तीन ते पाच मिळायचा. किल्ली टीनाकडे असायची. टीना त्या शाळेची केअरटेकर, आडव्या बांध्याची, भर थंडीतही पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. "किआ ओरा, टीम," म्हणून दार उघडायची आणि मग कोपऱ्यात खुर्ची टाकून आमचा खेळ बघत बसायची. तिच्या भावांनी रग्बीत हाडं मोडून घेतलेली, त्यामुळे बॉल नसतानाच माणसं एकमेकांना पाडतात हे बघून तिला भलती मजा वाटायची. आम्ही होतो बाराएक जण. कुणी बँकेत, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी बस चालवणारा. विनूकाका एके काळी साताऱ्याकडे जिल्ह्याच्या संघातून खेळलेले. त्यांच्या शिट्टीला आणि शिव्यांना सगळे भ्यायचे. मी खेळाडू म्हणून सुमार. म्हणून मला सेक्रेटरी केलं होतं. हॉल ठरवणं, याद्या करणं, फॉर्म भरणं. याद्या मला फार चांगल्या जमतात.

प्रवीण तिसऱ्या शनिवारी आला. विद्यार्थी म्हणून आलेला, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केलेला आणि आता एका कोल्ड स्टोअरेजमध्ये फोर्कलिफ्ट चालवणारा. वय तिशीच्या आतबाहेर. अंगाने काही फार भरलेला नव्हता. पण पहिल्याच चढाईत त्याने दोन जणांना शिवलं आणि तिसऱ्याच्या हाताखालून असा निसटला की विनूकाकांच्या तोंडातली शिट्टी वाजायचीच राहिली. त्याचा दम ऐकण्यासारखा होता. ओरडायचा नाही. जेवताना बोलावं तितक्या आवाजात कबड्डी, कबड्डी म्हणायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायचा. इरा तेव्हा नऊ वर्षांची. ती माझ्याबरोबर यायची. तिला त्याने दम धरायला शिकवलं. घरी येताना मागच्या सीटवर ती एका डेअरीपासून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापासून, पुढच्या डेअरीपर्यंत एका श्वासात कबड्डी म्हणायची. तिच्या तोंडून एवढं सलग मराठी मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

त्याला नाव विचारलं की तो म्हणायचा, "प्रवीण दामोदर." दामोदर हे वडिलांचं नाव. एवढ्यावर आमचं समाधान व्हायला हवं होतं. पण आपल्या लोकांना अर्धं नाव ऐकलं की घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. मग सुरू होतं. मूळ गाव कुठलं? त्या गावात कुठे? घरी शेती का? मामा कुठले? लग्न कुणाकडे ठरतंय? ह्यातला एकही प्रश्न वाईट नाही. सगळे अगदी साळसूद, चहा देता देता विचारायचे. प्रवीण चढाईत निसटायचा तसाच ह्यांच्यातूनही निसटायचा. विनूकाकांनी एकदा सरळच विचारलं, "अरे, पण तुम्ही म्हणजे नेमके कोण?"

"आम्ही चढाईवाले, काका," तो म्हणाला. सगळे हसले आणि प्रश्न तसाच राहिला.

खेळ झाला की डबे उघडायचे. हा आमचा नेमच होता. लांब फोल्डिंगचं टेबल, त्यावर वर्तमानपत्रं, आणि प्रत्येकाच्या घरून काहीतरी. मेघनाचा मसालेभात, कुणाचं थालीपीठ, कुणाच्या घरच्या चटण्या. प्रवीण एकटा राहायचा, स्वतः रांधायचा. तो मटणाचं सुकं आणायचा. खोबरं काळं होईस्तोवर भाजून केलेलं, बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत वास राहील असं. त्याच्या डब्यावर उड्या पडायच्या. विनूकाका कोचच्या अधिकारात पहिला वाटा काढून घ्यायचे. टीना टेबलापाशी येऊन उभी राहायची आणि बोटं चाटत म्हणायची, "हीप्स गुड, ब्रो." मी घरी शाकाहारी आणि शनिवारी मांसाहारी झालो होतो. मेघनाला ते माहीत होतं. ती फक्त म्हणायची, हात नीट धुऊन ये.

ते आठ शनिवार मला अजून एकेक करून आठवतात. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजतोय, आत बारा माणसं घामाने निथळतायत, मनगटाला मनगट धरून साखळी केली आहे आणि मधून तो दम ऐकू येतोय. देश सोडल्यावर माणसाला कुणी सहज शिवत नाही. हात मिळवतात, खांद्यावर थाप मारतात, आणि झालं. त्या दोन तासांत मात्र कुणाच्याही घामाचा कुणाला विचार नसायचा. मला वाटलं होतं, हेच आपलं इथलं घर.

जुलैअखेर टौरंगाला स्पर्धा ठरली. वेगवेगळ्या गावांतले सहा संघ. फॉर्मबरोबर प्रत्येकाच्या लायसन्सची प्रत हवी होती. प्रती माझ्याकडे आल्या. प्रवीणची आली तेव्हा मी काय केलं, ते मला स्पष्ट आठवतं. मी फोटो पाहिला नाही, जन्मतारीख पाहिली नाही. आधी आडनाव पाहिलं. डोळे आपोआप तिथेच गेले. वाचलं, आणि मनात कुठलासा एक खण उघडून बंद झाला. मला कळलं. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. एकदा छापलं तेवढं पुरे झालं.

जर्सी करायचं माझंच डोकं. इथल्या रग्बीच्या पोरांसारखं पाठीवर आडनाव आणि खाली नंबर. मी ग्रुपवर टाकल्यावर सगळ्यांचे होकाराचे अंगठे आले. प्रवीणने मला वेगळा मेसेज केला. 'अविदादा, माझ्या पाठीवर फक्त प्रवीण टाका. प्लीज.'

मी 'हो' असं लिहिलं.

आणि मग यादी करायला बसलो तेव्हा बारापैकी एकच नाव वेगळं दिसायला लागलं. अकरा आडनावं आणि एक प्रवीण. डोळ्यांना ते खुपलं. सगळं एकसारखं हवं, नाहीतर तो उगाच वेगळा पडेल, असं मी स्वतःला समजावलं. माझं आडनाव मला कधी झाकावं लागलं नव्हतं. ते ऐकून लोक खुर्ची पुढे करतात, एवढाच माझा अनुभव. त्यामुळे पाठीवर चार अक्षरं जास्त आल्याने कुणाचं काय बिघडणार, हे मला खरंच समजलं नाही असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. आता म्हणत नाही. मला समजलं होतं. जे मला कळलं ते इतरांनाही कळावं, आणि ते मी सांगितलं असं मात्र व्हायला नको, असंही कुठेतरी होतं. यादी लायसन्सप्रमाणे गेली.

खोकं हॉलमध्येच फोडलं. निळ्या जर्सी, पांढरी अक्षरं. विनूकाका एकेक उचलून नाव वाचत आणि फेकत होते, आणि पोरं झेलत होती. प्रवीणची जर्सी हातात आली तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. फेकली नाही. टेबलावर ठेवली. "ही तुझी," म्हणाले आणि पुढची उचलली. एवढंच. कुणी हसलं नाही, कुणी कुणाकडे बघितलं नाही. प्रवीणने जर्सी उचलली, उलटून पाठ पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी रिकामं खोकं दाबून चपटं करत होतो. त्या कामात मी फार वेळ काढला.

त्या शनिवारीही डबे उघडले. प्रवीणने झाकण काढलं, तोच भाजल्या खोबऱ्याचा वास आला. विनूकाका म्हणाले, "आज जरा ॲसिडिटी आहे." आणखी एक जण म्हणाला, डाएट सुरू केलंय. तिसऱ्याला लवकर निघायचं होतं. एकाने चमचाभर घेतलं आणि ते प्लेटच्या कडेला सरकवून ठेवलं. कुणीही वावगा शब्द काढला नाही. आपण भांडण करत नाही, आपल्याला फक्त भूक नसते. टीनाने मात्र नेहमीसारखं भरून घेतलं, जर्सीवरचं नाव वाचलं आणि म्हणाली, "स्वीट ॲज, ब्रो." म्हणजे झकास. तिला त्या अक्षरांतून काहीच कळलं नव्हतं. त्या हॉलमध्ये अशी ती एकटीच होती.

प्रवीणने डबा माझ्यापुढे केला. "दादा?"

मी त्या क्षणी काय भ्यायलो हे मला अजून नीट सांगता येत नाही. विनूकाका बघत होते. मी म्हणालो, "अरे, आज नको. आज माझी संकष्टी आहे."

"बरं," तो म्हणाला. त्याने झाकण लावलं आणि डबा पिशवीत ठेवला.

बाहेर आलो तेव्हा पाऊस उघडला होता. मैदानापलीकडे, मावळतीला, चंद्राची बारीकशी कोर दिसत होती. पौर्णिमा होऊन चार दिवस गेले की मग संकष्टी. त्या दिवशी चंद्र उगवायची वाट बघत माणसं उपाशी बसतात. संध्याकाळीच कोर दिसली म्हणजे अमावास्या नुकती सरलेली. संकष्टीला अजून निदान दोन आठवडे होते. मला ते दिसलं. मग वाटलं, एवढं कोण बघतंय. प्रवीण माझ्यापुढे दहा पावलांवर चालत होता. गाडीपाशी पोचल्यावर तो क्षणभर थांबला, वर बघितल्यासारखं केलं आणि आत बसला. तो पाऊस बघत असेल असं मी धरून चाललो.

टौरंगाला आम्ही तीन गाड्यांतून गेलो. त्याने दमट गवताचा आणि किवीच्या बागांचा सगळा रस्ता खिडकीला डोकं टेकून काढला. हॉलमध्ये कपडे बदलून आला तेव्हा त्याच्या पाठीवर, नंबरच्या वर, घोट्याला बांधायच्या पांढऱ्या पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या होत्या. तीन पट्ट्या, एकाखाली एक. आतलं एकही अक्षर दिसत नव्हतं.

"काढ रे ते, विचित्र दिसतं," विनूकाका म्हणाले.

"राहू दे, काका."

पहिले दोन सामने त्याने एकट्याने काढून दिले. घामाने वरच्या पट्टीचं एक टोक सुटलं होतं आणि तो वळला की फडफडायचं. शेवटच्या सामन्यात आम्ही एका गुणाने मागे होतो आणि एक चढाई उरली होती. ती त्याची असायची. सगळा हिवाळा तीच ठरलेली गोष्ट होती. तो रेषेपाशी जाऊन उभाही राहिला. विनूकाकांनी दुसऱ्याच पोराला हाक मारली. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो, मांडीवर यादी घेऊन. मी म्हणालो, "काका, प्रवीण?"

"तो आज जरा डिस्टर्ब वाटतोय," ते म्हणाले. "चेहरा बघ ना त्याचा."

मी चेहरा बघितला. तो अगदी शांत होता, नेहमी चढाईआधी असायचा तसाच. मला तेव्हा उठता आलं असतं. मंडळाचा सेक्रेटरी होतो, दोन शब्द बोललो असतो तर काका वरमले असते. मी मूग गिळून बसलो. दुसऱ्या पोराची पकड झाली आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. प्रवीण गेला असता तर जिंकलो असतो का, मला माहीत नाही. सिनेमात तो नक्की गेला असता.

परतताना तो आमच्याबरोबर आला नाही. मित्राकडे राहतो म्हणाला. घरी येऊन गाडीची डिकी उघडली तर त्याची जर्सी व्यवस्थित घडी करून ठेवलेली, पट्ट्यांसकट. पुढच्या शनिवारी ग्रुपवर एक ओळ आली, प्रवीण बाहेर पडला. मग कुणी म्हणालं त्याला टौरंगाला फळं खोक्यांत भरायच्या पॅकहाउसमध्ये नोकरी मिळाली. सप्टेंबरात हॉलचं बुकिंग मी पुढे चालू ठेवलं नाही. कुणी विचारलंही नाही. टीना तेवढी एकदा सुपरमार्केटमध्ये भेटली आणि म्हणाली, "व्हेअर्स दॅट करी बॉय?"

सिनेमा बघून आल्यावर मी खोकं खाली काढलं. आतल्या जर्सीवरच्या पट्ट्या पिवळ्या पडून कडक झाल्या होत्या. एक नखाने सोडवायला गेलो तर तिच्याबरोबर खालचं पांढरं अक्षरही निघायला लागलं. मी तसंच ठेवून दिलं. इराला जे सांगितलं ते खरं होतं, नोकरी बदलली, गाव बदललं. पण ती ज्या आवाजात 'नॉट हिअर' म्हणाली तो आवाज माझ्याच घरात, माझ्याच मानेच्या डोलण्यातून तयार झाला होता. मला त्याचं काहीतरी करायचं होतं. खरं सांगायचं तर मला प्रवीणकडून सुटका हवी होती. त्याने म्हणावं, जाऊ द्या हो दादा. मग गॅरेजचा वास जाईल.

टौरंगाच्या बंदराजवळ एका गोदामाच्या भिंतीचं काम निघालं तेव्हा दुसरं कुणी जाऊ शकत होतं, पण मीच गेलो. आदल्या दिवशी मेसेज केला. नंबर तोच होता. उत्तर आलं, 'या की. साडेबाराला ब्रेक असतो.'

पॅकहाउसच्या मागे एक लाकडी बाक होता. समोर ट्रकांची रांग, पलीकडे पानं गळालेल्या किवीच्या वेली तारांवर वाळत टाकल्यासारख्या. प्रवीण थोडा जाड झालाय. कानशिलांवर पांढरं दिसतं. चकाकतं पिवळं जाकीट घातलेलं, त्यावर कुठलंच नाव नव्हतं. लग्न झालं, मुलगी चार वर्षांची आहे, असं त्याने फोनमध्ये दाखवत सांगितलं. इराचं विचारलं. ती अजून दम धरते का, म्हणाला. मी म्हणालो, आता ती नेटबॉल खेळते.

"मी इथे रविवारी पोरं जमवतो," तो म्हणाला. "पॅकहाउसचीच. पंजाबी आहेत, सामोआचे दोघं आहेत. पकड काय करतात, दादा. सुटता येत नाही."

"जर्सी वगैरे?"

"नाही. नुसते नंबर. मार्करने लिहितो पाठीवर."

मी ज्यासाठी आलो होतो ते आता बोलायला हवं होतं. मी भलतंच बोललो. "तो तामिळ पिक्चर पाहिलास का, व्हॉलीबॉलचा? आमचा सगळा ग्रुप रडला."

"ट्रेलर पाहिला," तो म्हणाला. "बाकीचा पाठ आहे."

ट्रक मागे घेताना वाजतो तसा एक भोंगा बराच वेळ वाजत राहिला. तो थांबल्यावर मी म्हणालो, "प्रवीण, त्या जर्सीचं माझं चुकलं. तू सांगितलं होतंस. मी हो म्हणालो होतो."

"हं."

"आणि त्या शेवटच्या चढाईला मी बोलायला हवं होतं."

"जुनं झालं, दादा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. जर्सी गाडीच्या डिकीत होती, पण ती आणून त्याच्या हातात काय म्हणून ठेवायची ते मला सुचेना.

त्याच्या शेजारी बाकावर कापडी पिशवी होती. आत स्टीलचा डबा. झाकण घट्ट असूनही तो वास येत होता, काळ्या भाजलेल्या खोबऱ्याचा, सहा वर्षांपूर्वीचा. मला एकदम भरून आलं आणि वाटलं, हेच करायचं. बोलण्याने जे होत नाही ते ह्याने होईल. ह्या बाकावर बसून, ह्याच्या डब्यातलं, ह्याच्या हातचं दोन घास खायचे. मी हसून, अगदी जुन्या सलगीने म्हणालो, "काय आणलंयस? फार भूक लागलीय मला. काढ डबा."

प्रवीणने पिशवीवर हात ठेवला. वर आभाळाकडे बघितलं. ढगांनी गच्च भरलेली दुपार होती, वर काहीच दिसत नव्हतं. मग माझ्याकडे बघून तो शांतपणे म्हणाला, "आज नको, दादा. आज माझी संकष्टी आहे."

मी म्हणालो, "बरं."